मदत हवी आहे : ऑपरेशननंतर सासूबाईंचा गुडघा वाकत नाही

कृष्णाकाठ :
नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले असून त्यांना घरी आणले आहे, परंतु पाय काही केल्या वाकत नाही. फिजिओथेरपिस्टनी दाखवलेले व्यायाम मी करून घेते, पण पाच मिनिटांतच त्यांच्या डोळ्यांत पाणी येते आणि मला पुढे रेटवत नाही. सासरे म्हणतात की जोर लावल्याशिवाय पाय सुटणार नाही, तर नणंदेच्या मते जखम पूर्ण भरेपर्यंत पायाला हातच लावू नये. नक्की कोणाचे ऐकावे, हे कृपया लवकर सांगावे.

साधा_मुसाफिर :
गुडघ्याचे ऑपरेशन म्हणजे कोणते? सांधा बदलला आहे, की दुर्बिणीतून सांध्यातल्या गादीचे किंवा लिगामेंटचे (हाडे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचे) काम केले आहे? एक पाय की दोन्ही, किती दिवस झाले, वय काय, मधुमेह आहे का? यांतले काहीच न कळवता उपाय विचारलात, तर लोक आपापल्या गुडघ्याची कहाणी सांगतील.

डोंगरवाटा :
माझ्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर मला स्थिर सायकलीचा फार उपयोग झाला आणि पुढे मी पुन्हा गड चढू लागलो. सायकल आणाच.

कृष्णाकाठ :
क्षमस्व, घाईत राहून गेले. उजवा सांधा पूर्ण बदलला असून आज अठरावा दिवस आहे. वय ६८, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात आहे, टाके चौदाव्या दिवशी काढले. गुडघा साधारण ६० अंश वाकतो, असे फिजिओंनी सांगितले होते. ते चार वेळा आले. आमचे गाव तालुक्यापासून लांब असल्याने नंतर आम्हीच नको म्हटले. वेदनाशामक गोळ्या किडनीला वाईट म्हणून आठवड्यातच बंद केल्या. रात्रंदिवस गुडघ्याखाली उशी ठेवतो, त्याने मात्र त्यांना बरे वाटते.

माजी_परिचारिका :
तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच बरेचसे उत्तर आहे. उशीने बरे वाटते ते खरे, परंतु त्यामुळे गुडघा सतत अर्धवट वाकलेल्या स्थितीत राहतो आणि पुढे तो पूर्ण सरळ होत नाही. मग माणूस लंगडत चालतो. पाय सरळ होणे हे वाकण्याइतकेच महत्त्वाचे असते. उशी काढून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबायला सांगा. दुखणे दाबल्याशिवाय व्यायाम होत नाही, म्हणून मधुमेह आणि किडनी लक्षात घेऊन कोणती गोळी चालेल हे सर्जनना विचारा आणि ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. व्यायामानंतर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा. वाकवण्यासाठी पायमोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की टाच गादीवरून सहज सरकते. थोडे थोडे, पण दिवसातून चार-पाच वेळा. सासऱ्यांनी हाताने जोर लावू नये आणि नणंदबाईंनी पाय बांधून ठेवू नये. साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास पोहोचण्याची अपेक्षा असते, म्हणून फिजिओ पुन्हा सुरू करा. गुडघा फारच आखडला, तर भूल देऊन वाकवावा लागतो आणि तेही पहिल्या तीन महिन्यांतच जास्त साधते.

तेलाची_वाटी :
इतका खटाटोप कशाला? महानारायण तेल कोमट करून पोटरीपासून मांडीपर्यंत रोज रगडावे. माझ्या मावशी त्यावरच चालू लागल्या.

माजी_परिचारिका :
ताज्या जखमेवर तेल नको आणि पोटरी तर मुळीच रगडू नका. या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. कृष्णाकाठ, पोटरीला सूज आहे का? रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का?

कृष्णाकाठ :
पोटरी कालपासून ताठ आहे आणि सूज पावलापर्यंत उतरली आहे. ऑपरेशननंतर असे होतच असेल, असे वाटल्याने लिहिले नाही. रक्त पातळ करणारी गोळी मी वेदनाशामक समजून त्यांच्याबरोबरच बंद केली होती.

माजी_परिचारिका :
मग आता वाचत बसू नका. सर्जनना लगेच फोन करा आणि आजच पाय दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखले, तर थेट १०८ ला फोन करा.

हिशेबी :
बिल तपासले का? २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे.

साधा_मुसाफिर :
बाईंची पोटरी सुजली आहे आणि तुम्हाला बिल सुचते!

कृष्णाकाठ (तीन दिवसांनी) :
त्याच संध्याकाळी डॉपलर तपासणी (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) केली. गुठळी नाही, सूज ऑपरेशनचीच असून ती काही महिने कमी-जास्त होत राहील, असे सर्जन म्हणाले. बंद केलेल्या गोळीवरून मात्र मला चांगलेच सुनावले आणि ती पुन्हा सुरू केली. उशी कपाटात गेली आहे. फिजिओ एक दिवसाआड येतात आणि आज त्यांनी ७५ अंश मोजले. सासूबाई विचारत आहेत की गौरींपुढे मांडी घालून बसता येईल का?

माजी_परिचारिका :
खुर्चीवर बसून पूजा करता येते, असे त्यांना सांगा. मांडीचे सर्जनना विचारा. बहुतेक जण नकोच म्हणतात. आधी ९० होऊ द्या.