मेमरी पेजांच्या मोजणीला नाव आकाराचे द्यावे की पातळीचे?

चर्चाप्रस्ताव (विजयनगर, इंदूर):
केव्हीएममध्ये (लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, आभासी यंत्रे चालवणारी सोय) गेस्टची, म्हणजे आभासी यंत्राची, मेमरी किती मोठ्या पेजांनी (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी) जोडली आहे हे एक्स८६ (इंटेल, एएमडी) प्रोसेसरवर ‘पेजेस_४के’, ‘पेजेस_२एम’ आणि ‘पेजेस_१जी’ या आकड्यांतून कळते, तर आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर हीच मोजणी ‘नम_२एम_पेजेस’ अशा वेगळ्याच धाटणीच्या नावाने मिळते. आमच्या इंदूरच्या कचेरीत दोन्ही प्रकारचे सर्व्हर असल्यामुळे देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये एकाच गोष्टीसाठी दोन फाटे ठेवावे लागतात. या आकड्यांचे मोल लाइव्ह मायग्रेशनच्या (चालू गेस्ट न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याच्या) वेळी कळते. ८ जीबीच्या गेस्टची सगळी मेमरी २ एमबीच्या पेजांवर असेल तर मोजणी ४०९६ दाखवते. बदललेल्या पेजांची नोंद सुरू झाली, की मोठी पेजेस ४ केबीच्या तुकड्यांत फुटतात, हा आकडा घसरतो आणि ४ केबीचा लाखांत चढतो. सर्व आर्किटेक्चरांनी (प्रोसेसरच्या प्रकारांनी) आकारावरून एकाच धाटणीचे नाव ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (लष्कर, ग्वाल्हेर):
ताई, हे पटत नाही. आर्म प्रोसेसरवर मूळ पेज ४, १६ किंवा ६४ केबीचे असू शकते आणि त्याच्या वरचा ब्लॉक (मोठे पेज) अनुक्रमे २, ३२ किंवा ५१२ एमबीचा होतो. आयबीएमच्या मेनफ्रेमच्या एस३९०वर तर मोठ्या पेजांचे १ एमबी आणि २ जीबी हे आकार आहेत. सगळ्यांची एकच यादी केली तर प्रत्येक यंत्रावर निम्मे रकाने कायम शून्य राहतील, आणि ‘मोठी पेजेस मिळालीच नाहीत’ व ‘हा आकार येथे नाहीच’ यांतला फरक वाचणाऱ्याला कळणार नाही. त्यापेक्षा पातळीचे, म्हणजे पत्ते शोधण्याच्या तक्त्यात पेज कितव्या पायरीवर आहे त्याचे, नाव द्यावे.

प्रतिसाद (राजेंद्रनगर, इंदूर):
पातळीने घोटाळा वाढेल. एक्स८६साठीच्या केव्हीएममध्ये ४ केबीच्या पेजाची पातळी १ असून मोठ्या पेजांकडे क्रमांक वाढतो. आर्मवर सर्वांत लहान पेज पातळी ३वर असते आणि क्रमांक उलटा उतरतो. शिवाय आर्मची पातळी २ म्हणजे कधी २ एमबी, कधी ५१२, त्यामुळे आकड्यावरून किती मेमरी मोठ्या पेजांवर आहे याचा गुणाकारच करता येत नाही. शून्याच्या रकान्यांवर उपाय सोपा आहे: आर्मवर ही जोडणी होस्टच्या (गेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरच्या) कर्नलच्या पेज आकाराने चालते, तो आकार कर्नल बांधतानाच ठरतो, म्हणून जे आकार शक्य आहेत तेवढीच नावे दाखवावीत.

चर्चाप्रस्तावक:
याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०२१पर्यंत एक्स८६वर मोठ्या पेजांचा एकच आकडा होता. २ एमबी आणि १ जीबी त्यात एकत्र मोजले जात आणि कोणते किती हे समजत नसे. आकार नावात आल्यावरच ते सुटले.

प्रतिसाद (लष्कर, ग्वाल्हेर):
शक्य तेवढीच नावे दाखवणार असाल तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही. मात्र पॉवरची जुनी नावे एकदम काढू नयेत. ती वाचणाऱ्या स्क्रिप्ट लोकांकडे चालू आहेत, आणि नाव सापडले नाही की त्यांतल्या बऱ्याच गुपचूप शून्य धरून पुढे जातात.