पणजी आणि खार्टूम एकाच अक्षांशावर कसे?

प्रश्न: मुलीच्या नकाशावहीत पणजी आणि सुदानचे खार्टूम, दोन्ही सुमारे १५.५° उत्तर अक्षांशावर दिसतात. मग इथे धो धो पाऊस आणि तिथे रखरखाट का?

उत्तर १: अक्षांश केवळ विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर सांगतो, त्यामुळे मध्यान्हीचा सूर्य दोन्हीकडे सारखाच उंच असतो, पाऊस मात्र अरबी समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात म्हणून आपल्याला मिळतो.

उत्तर २: ताई, मुलीला उघड्या उत्तर क्षितिजावर ध्रुवतारा दाखवा, लांब केलेल्या हाताच्या दीड मुठीएवढा, म्हणजे जवळपास १५ अंश, आपल्या अक्षांशाएवढाच, वर दिसेल.

प्रश्नकर्ती: आता उमगले! मेच्या आरंभी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येऊन अंगणातल्या काठीची सावली का नाहीशी होते, हेही.

उत्तर १: ऑगस्टमध्येही होते, पण तेव्हा ढग पाहू देतील तर ना.