मदत हवी आहे: नाटकात एका ओळीचे विनोद कसे बसवायचे?

मंडळी, आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) रात्रभराचं नाटक आहे आणि विनोदी गड्याचं काम माझ्याकडे आहे. एका ओळीचे विनोद लिहिलेत. "मालक, धान इकला, कर्ज फेडलं, घरी आणलं ते रिकामं पोतं!" यावर तालमीत चांगला हशा आला. हशाचा शब्द शेवटी आणल्यानं खरंच फरक पडतो. अडचण पुढची आहे. लोक हसत असताना पुढचं वाक्य बुडते. थांबलो तर समोरच्या नटाचा ताल तुटतो. माईक वर टांगलेले असतात, त्यामुळे आवाज चढवून भागत नाही. जातीवरचे, अश्लील विनोद नकोत. बायापोरं पहाटेपर्यंत बसतात. तर हशा ओसरू लागताच बोलावं की पूर्ण थांबल्यावर? आणि दोन-तीन विनोद सलग घ्यावे, की प्रत्येकानंतर कथेत परतावं?