वर्गात सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेला) मुलगा आहे, सुरुवात कुठून करू?

चौथीच्या_बाई: झेडपी शाळेत आहे. पोरगा पाढे तोंडी खडाखडा म्हणतो पण पेन्सिल निसटते, बाकावर पाय लोंबकळतात आणि सारखा घसरतो. बीएडला समावेशक शिक्षणाचा पेपर होता, पाठ करून दिला, असं मूल कधी समोर बसलंच नव्हतं. खूप अपराधी वाटतं हो.

ओटी_नाशिक: ताई, आधी बसणं बघा, अक्षर नंतर. पायाखाली पाट ठेवा, अंग स्थिर झालं की हात चालतो. पेन्सिलीला जाड कापड गुंडाळा. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणारी) आहे, पण आम्हालाही शिकताना चाळीस पोरांचा वर्ग कसा चालतो ते कुणी दाखवत नाही, दोघांनी एकत्र शिकायला हवं होतं खरंतर.

विशेष_शिक्षक: तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारा, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. आणि युडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण त्याचा हक्क आहे, पालकांना सांगाच.

चौथीच्या_बाई: पाट ठेवला आज. अख्खा तास घसरला नाही. उद्या केंद्रात जाते.