बिझनेस क्लासचे अवॉर्ड तिकीट: कतार की सिंगापूर?

प्रश्न: साठवलेल्या मैलांवर (विमान कंपनीच्या बक्षीस गुणांवर) लांब पल्ल्याचे बिझनेस क्लासचे तिकीट काढायचे आहे. कतार एअरवेज घ्यावी की सिंगापूर एअरलाइन्स?

उत्तर १: कंपनीआधी विमान पाहावे. कतारचे क्यूस्वीट, म्हणजे दार लावता येणारे बिझनेस क्लासचे आसन, २०१७ पासून आहे, पण बोइंग ७८७-८ विमानात ते मिळत नाही. म्हणून आसनांचा नकाशा उघडून खात्री करूनच मैल खर्च करावेत.

उत्तर २: आपले मैल कोणत्या योजनेतले आहेत? सिंगापूर लांब पल्ल्याच्या बिझनेस जागा मुख्यतः क्रिसफ्लायर या आपल्याच मैल योजनेच्या सदस्यांसाठी राखते, तर कतारला एव्हिऑस (काही विमान कंपन्यांचे सामायिक मैल) चालतात. माझ्या मते निर्णय इथेच होतो.

उत्तर ३: रात्रीचे उड्डाण असल्यास झोपेचाही विचार व्हावा. सिंगापूरच्या बोइंग ७७७-३००ईआर विमानात आसनाची पाठ पुढे उलटून बिछाना करावा लागतो आणि पाय तिरके ठेवावे लागतात. उंच प्रवाशाला ते खरोखर जाचते.