जैसलमेरला मुलाबाळांसह मोकळ्यावर भटकण्या-खेळण्यासाठी जायचे आहे : आखणी कशी करावी?

गुहागरकर

नमस्कार. यंदा नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब जैसलमेरला जाण्याचे आमचे जवळजवळ ठरले आहे. बरोबर सहा आणि बारा वर्षांची मुले, गुडघेदुखीचा त्रास असलेली माझी आई आणि सायकल चालवण्याची व डोंगर चढण्याची मनापासून हौस असलेला धाकटा भाऊ, अशी मंडळी असतील. हवेल्या आणि राजवाडे पाहण्यास आमची ना नाही; परंतु मुलांना दालनांमागून दालने दाखवत नेण्यापेक्षा दिवसाचा बराचसा वेळ उघड्यावर घालवता यावा, वाळूत मनसोक्त खेळता यावे आणि भावालाही अंग मोकळे करण्याजोगे काही मिळावे, ही मुख्य इच्छा आहे. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत मात्र तंबूतली एक रात्र, अर्ध्या तासाची उंटसवारी, जीपची एक फेरी आणि संध्याकाळचा नाचगाण्याचा कार्यक्रम याहून वेगळे काही दिसत नाही.

आमची मुले समुद्रकिनाऱ्यावर वाढलेली असल्यामुळे वाळू त्यांना नवी नाही, पण तिथली कोरडी हवा आणि थंडी सोसेल का, याची काळजी वाटते. वाळूच्या टेकड्यांसाठी समला जावे की खुरीला? आईला बसून राहावे लागणार नाही असे काय करता येईल? आणि कोकणातून रेल्वेने जाण्याचा सोयीचा मार्ग कोणता? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

देवगड_ते_जोधपूर

नमस्कार. मी मूळचा देवगडचा, नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे जोधपूरला काढली, आणि त्या काळात कोकणातून आलेल्या नातेवाइकांना जैसलमेर दाखवण्याचे काम आनंदाने केले. त्यामुळे ठिकाणांच्या आधी शरीराविषयी लिहितो, कारण आपल्याकडच्या माणसाची खरी अडचण तिथेच होते.

रत्नागिरीला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जैसलमेरला जेमतेम 200 मिलिमीटरच्या आसपास. हवेतल्या ओलाव्यातही तितकेच अंतर आहे. आपल्याकडे जरा धावपळ केली की सदरा अंगाला चिकटतो, घामाच्या धारा लागतात आणि तहान लागली नसली तरी पाणी प्यायला हवे, हे आपसूक कळते. थरच्या वाळवंटात घाम येतो तितकाच, पण तो त्वचेवर दिसण्याआधीच उडून जातो. मूल तासभर वाळूत उड्या मारते, अंग कोरडेच राहते, डिसेंबरचे ऊन बोचत नाही, आणि संध्याकाळी डोके दुखू लागते, चिडचिड होते, जेवण जात नाही. घरची मंडळी ते प्रवासाच्या शिणावर किंवा बाहेरच्या खाण्यावर ढकलतात. मूळ कारण बहुतेक वेळा पाण्याची कमतरता हे असते. म्हणून मुलांनी पाणी मागण्याची वाट पाहू नका. खेळ थांबवून, ठरावीक वेळाने, थोडे थोडे पाणी पाजत राहा. आमच्याकडे येणाऱ्यांना मी घरून कोकमाचे आगळ आणायला सांगत असे; पाण्यात घालून चिमूटभर मीठ आणि साखर टाकली की मुले कुरकुर न करता पितात आणि घामावाटे गेलेले मीठही भरून निघते. ओठांना साजूक तूप, रात्री निजताना नाकपुड्यांत खोबरेल तेलाचे बोट, एवढे केले तर घोळणा फुटण्याचा त्रासही बराच टळतो.

थंडीविषयी सांगायचे तर डिसेंबरअखेर दुपारी 24-25 अंश असणारे तापमान पहाटे 7-8 अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. ढग नाहीत, हवेत ओलावा नाही, त्यामुळे सूर्य मावळताच जमिनीची ऊब झपाट्याने निघून जाते. समुद्राजवळ राहणाऱ्या आपल्याला दिवस आणि रात्र यांतला एवढा फरक ठाऊकच नसतो. जाड एकच स्वेटर घेण्याऐवजी एकावर एक घालता येतील असे कपडे घ्यावेत, आणि कानटोप्या व मोजे आईंसाठी आणि मुलांसाठी न विसरता घ्यावेत.

आता वाळूविषयी. सम हे जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे 40 किलोमीटरवर आहे, आणि खुरी नैऋत्येस साधारण तितक्याच किंवा थोड्या अधिक अंतरावर. समच्या टेकड्या भव्य आहेत, परंतु सुट्टीच्या दिवसांत तिथे जीप, चारचाकी मोटारसायकली आणि ध्वनिवर्धक यांची इतकी दाटी होते की लहान मुलांना मोकळे सोडता येत नाही. खुरीला टेकड्या तुलनेने लहान आहेत, गाव शेजारी आहे आणि गर्दी कमी असते. मुलांना खेळण्यासाठीच न्यायचे असेल तर माझे मत निःसंशय खुरीच्या बाजूने आहे, आणि तिथे एक नव्हे, दोन रात्री राहावे. एका रात्रीच्या सहलीत माणूस संध्याकाळच्या घाईत पोहोचतो आणि सकाळी न्याहारी उरकून निघतो. मुलांच्या वाट्याला सूर्योदयानंतरचे ते उत्तम दोन-तीन तास येतच नाहीत.

त्या वेळी वाळूवर रात्रीच्या वावराच्या खुणा स्पष्ट उमटलेल्या असतात. भुंगेऱ्यांच्या पायांची टाके घातल्यासारखी दुहेरी रेघ, सरड्याच्या शेपटीचा मधोमध गेलेला ओरखडा, एखाद्या खोकडाची सरळ रेषेत पडलेली पावले. वारा सुटला की सगळे पुसले जाते. बारा वर्षांच्या मुलाला वही-पेन्सिल देऊन या खुणा काढायला लावा. सकाळ कशी गेली ते कळणार नाही.

टेकडी चढताना वाऱ्याकडची बाजू धरावी. ती उताराला मंद आणि पायाला घट्ट असते. वाऱ्याआडची बाजू तीव्र उताराची आणि भुसभुशीत असते. ती घसरून खाली येण्यासाठी उत्तम, चढण्यासाठी मात्र पावलागणिक मागे आणणारी. आपली मुले किनाऱ्यावर अनवाणी धावतात तशी इथे धावू देऊ नका, कारण टेकड्यांच्या पायथ्याला भुरट नावाच्या गवताची बारीक काटेरी बोंडे पसरलेली असतात आणि ती तळव्यात, कपड्यांत घट्ट रुततात. पायात बूट असावेत आणि खिशात एक चिमटा असावा.

प्रवासासाठी दोन पर्याय सुचवतो. केरळातून कोकण रेल्वेमार्गे जोधपूर-बिकानेरकडे जाणाऱ्या साप्ताहिक गाड्या रत्नागिरीला थांबतात. वार जुळत असेल तर गाडी बदलण्याचा त्रास वाचतो. वार जुळला नाही तर मुंबईला येऊन वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर गाठावे. जोधपूर ते जैसलमेर हे अंतर 300 किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेने किंवा मोटारीने पाच-सहा तास धरावेत. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता जोधपूरला एक मुक्काम करून मगच पुढे जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

चिपळूणची_मावशी

वरच्या प्रतिसादातील पाण्याविषयीची सूचना फार मोलाची आहे. मी आईंच्या बाजूने थोडी भर घालते, कारण मीही माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते.

उंटावर बसणे गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला झेपत नाही. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे फेकला जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तोच झटका बसतो. दोन्ही वेळा खोगिराची कडी घट्ट धरून अंग मागे टाकायचे असते. मुलांना हे खाली असतानाच नीट समजावून सांगा, आणि सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला न बसवता मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसवा. आईंसाठी मात्र उंटगाडी मागा. विमानाची जुनी चाके लावलेली ही लाकडी गाडी वाळूत रुतत नाही, वर गादी टाकून पाय लांब करून बसता येते, आणि आई मुलांच्या सोबतीने थेट टेकड्यांपर्यंत येतात. सासूबाईंना सगळ्या सहलीत हीच फेरी सर्वांत आवडली.

उघड्या जीपमधून टेकड्यांवर वरखाली उड्या मारत नेण्याचा जो प्रकार आहे, त्यात आईंना अजिबात बसवू नये. मुलांनाही मागच्या दांड्याला धरून उभे राहू देऊ नये. चालक आग्रह करतात. आपण ठामपणे नकार द्यावा.

जैसलमेरचा किल्ला 1156 साली रावळ जैसल यांनी वसवला आणि त्याच्या तटाआत आजही हजारो माणसे राहतात. वर जाणारी फरसबंद वाट एकामागून एक चार दरवाजांतून चढते, आणि शतकानुशतकांच्या वर्दळीने तिथले दगड इतके गुळगुळीत झाले आहेत की रबरी तळव्याच्या चपलेशिवाय पाय ठरत नाही. आईंना वरच्या चौकापर्यंत रिक्षाने नेता येते का, याची चौकशी मुक्कामाच्या ठिकाणी करावी. गडीसर तलावावर मात्र त्या स्वतःच्या पायांनी, सपाटीवर, हव्या तितक्या रमतगमत फिरू शकतील. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी नव्याने बांधून काढलेला हा तलाव एके काळी साऱ्या शहराला पाणी पुरवत असे. मुलांना पायाने चालवायची होडी तिथे मिळते, आणि हिवाळ्यात पाणपक्षीही भरपूर असतात.

एका ठिकाणाचे नाव पत्रकांत सहसा नसते, म्हणून मुद्दाम लिहिते. शहरापासून सुमारे 17 किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला, आकल येथे जीवाश्म उद्यान आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडे तिथे जमिनीवर जशीच्या तशी पडलेली आहेत, आणि जवळ बसून पाहिले तर सालीच्या रेषाही दिसतात. जैसलमेरच्या परिसरातील चुनखडीत सागरी शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. ज्या भूमीवर आज प्यायच्या पाण्याची मारामार आहे तिथे कधी काळी जंगल होते आणि उथळ समुद्रही होता, हे समुद्रकाठच्या मुलांनी प्रत्यक्ष पाहावे, असे मला शिक्षिका म्हणून फार वाटते. सावली नसल्यामुळे सकाळी लवकर जावे.

अलिबाग_सायकलस्वार

तुमच्या भावासाठी लिहितो. जैसलमेर ते अमरसागर आणि पुढे लोदुर्वा हा रस्ता सायकलसाठी उत्तम आहे. लोदुर्वा ही भाटी राजांची जुनी राजधानी. जैसलमेरहून सुमारे 15 किलोमीटर, वाटेत चढ फारसा नाही, आणि पोहोचल्यावर कोरीव जाळीकामाचे सुंदर जैन मंदिर आहे. मात्र आपल्या घाटात चढ जे काम करतो ते तिथे वारा करतो. उजाडताच निघावे आणि ऊन चढण्याआधी परतावे. रस्त्याच्या कडेला सराट्याचे आणि विलायती बाभळीचे काटे असल्याने सायकल डांबरावरून खाली उतरवू नये, दोन जादा ट्यूब आणि पंप जवळ ठेवावा. भाड्याच्या सायकलींचे ब्रेक आणि चाकांतली हवा निघण्यापूर्वी स्वतः तपासावी.

जोधपूरला मुक्काम करणार असाल तर मेहरानगडाच्या पायथ्याचे राव जोधा मरुशिला उद्यान चुकवू नये. 2006 साली तिथे खडकात रुजलेली विलायती बाभूळ खणून काढण्याचे काम सुरू झाले आणि त्या जागी थरची मूळची झाडे-झुडपे लावली गेली. आखलेल्या पायवाटांवरून खडकाळ भागात दीड-दोन तास चालता येते आणि वर सतत किल्ल्याची भिंत दिसत राहते. किल्ल्याच्या परिसरात तारेवरून घसरत जाण्याच्या खेळाचीही सोय आहे. त्याला वय, उंची आणि वजनाच्या अटी असतात. बारा वर्षांच्या मुलासाठी आधीच विचारून घ्यावे म्हणजे तिथे जाऊन त्याचा हिरमोड होणार नाही.

गुहागरकर

आपण तिघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. आता दोन रात्री खुरीला आणि जोधपूरला एक मुक्काम, असे ठरवतो. आणखी दोन शंका आहेत. जैसलमेरच्या किल्ल्याच्या आत राहण्याची सोय दिसते, ती घ्यावी का? आणि मुलांना माळढोक दाखवता येईल का?

देवगड_ते_जोधपूर

किल्ल्याच्या आत राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा किल्ला अत्यल्प पावसाच्या प्रदेशासाठी बांधलेला आहे. नळाचे पाणी आणि सांडपाणी वाढल्यापासून ते खालच्या मऊ थरांत मुरते, पाया सैल होतो, आणि काही बुरूज यामुळे ढासळलेही आहेत. 2013 पासून हा किल्ला राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत आहे. त्याला दिवसा मनसोक्त भेट द्यावी, तिथल्या रहिवाशांच्या दुकानांतून खरेदी करावी, अंघोळ मात्र खाली शहरातल्या मुक्कामी करावी. शिवाय खालच्या गच्चीवरून सकाळच्या उन्हात पिवळा तट अधिक चांगला दिसतो.

माळढोकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. 3,162 चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र उरले आहे, आणि आता त्यांची संख्या इतकी थोडी आहे की दिसला तरी दुरूनच दिसतो. वनखात्याच्या परवानगीने, स्थानिक वाटाड्यासह, पहाटे उद्यानातल्या सुदासरी भागाकडे जावे. गाडीतून खाली उतरू नये आणि पक्ष्याच्या मागे गाडी लावण्यास वाटाड्याला सांगू नये. माळढोक दिसला नाही तरी चिंकारा, गिधाडे आणि हिवाळी पाहुणे पक्षी दिसण्याची शक्यता चांगली असते, त्यामुळे दुर्बीण अवश्य न्यावी.

एक राहिले. 31 डिसेंबरला टेकड्यांजवळच्या तंबूंचे दर चढतात आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट चालतो. खुरीच्या दोन रात्री सुट्टीच्या सुरुवातीलाच घ्या, आणि पंचांग पाहून अमावास्येच्या जवळच्या तिथी मिळाल्या तर त्याच निवडा, म्हणजे मुलांना आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आरक्षण लवकर करा. त्या आठवड्यात जोधपूरहून पुढच्या गाड्या फार आधी भरतात.