मदत हवी आहे: टायफॉइडची लस, थोरलीला पुन्हा द्यायची का? धाकट्याला कधी?

नमस्कार मंडळी,

धाकट्याला (वय 6) गेल्या महिन्यात टायफॉइड झाला. पहिल्या डॉक्टरांनी नुसत्या विडालवर (टायफॉइडची रक्तचाचणी) गोळ्या दिल्या. चार दिवस ताप 103 च्या खाली येईना. दुसऱ्या डॉक्टरांनी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघणं) करायला लावलं. रिपोर्टात औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस (औषध लागू पडतं) नाहीतर आर (जंतू दाद देत नाही). सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर! नेमकी तीच गोळी चालू होती. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी ताप उतरला. त्या इवल्या हाताला शीर सापडत नव्हती, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

थोरलीला मात्र 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेच्या मोहिमेत टीसीव्ही (टायफॉइडची नवी, कॉन्ज्युगेट लस) मिळाली होती. 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना देत होते. सरकारी मोहिमेतून ही लस देणारं जगातलं पहिलं शहर आपलंच. धाकटा तेव्हा जन्मायचा होता, आणि पुढे आमच्याकडून राहूनच गेलं.

सासरे म्हणतात, "औषधाला दाद न देणारा जंतू लशीला काय भीक घालणार?" मला कळलंय ते असं: औषध जंतूच्या आत शिरून काम करतं आणि तिथेच तो पळवाट काढतो. लस अंगाला त्याचं वरचं व्ही-आय आवरण ओळखायला शिकवते, आतल्या पळवाटेशी तिला देणंघेणं नाही. सिंधमधल्या हैदराबादला 2016 पासून असा टायफॉइड पसरला की तोंडाने घ्यायच्या औषधांत अ‍ॅझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. पाकिस्तानने 2019 मध्ये टीसीव्ही नेहमीच्या लसीकरणात घेतली. (लस बनते आपल्या हैदराबादेत, हा एक योगायोगच.) सासरे "बरं" म्हणाले. म्हणजे पटलेलं नाही.

आता विचारायचं ते. थोरलीला बूस्टर लागेल का? आमचे डॉक्टर नको म्हणतात, बहिणीचे म्हणतात दर तीन वर्षांनी द्या. तीन वर्षांचं गणित जुन्या साध्या लशीचं ना, जी दोन वर्षांखालच्या मुलांना देताच येत नव्हती? आणि धाकट्याला बरं झाल्यावर किती आठवड्यांनी द्यायची? कुणाच्या मुलांना आजारानंतर दिली असेल तर नक्की लिहा.

पॅराटायफॉइड ए च्या जंतूला हे आवरण नसतं, त्यामुळे तिथे लशीचा उपयोग नाही, हे माहीत आहे. पाणी उकळणं चालूच आहे. पाणीपुरीही बंद केली, त्यावरून थोरली बोलत नाहीये माझ्याशी.